हळू घे

वसमतीत हळद कुणालाच सोडत नाही.
उन्हाळ्यात थुंकी पिवळी, नखं पिवळी,
सभापतीच्या खुर्चीवरचा टॉवेल पिवळा.
नागोराव बसायचे तवा तो रोज बदलायचे.

मी मुंजाजी. बाजार समितीची गाडी चालवतो.
सोळा वर्षं झाली, माणसं मला आरशातून माहीत हायत.
मपल्या हिशोबात कुणाला तोंड नसतं,
नुसते डोळे.

ती चैत्रातली रात्र.
निवडणुकीला नऊ दिवस.
नागोराव म्हणले, छातीत कळ येऊ लागली.
शेषेराव, उपसभापती, मागं बसले,
त्यांचं डोकं मांडीवर घेतलं,
पंचा ओला करून कपाळावर धरला.
बापाचं करावं तसं करत होते,
खोटं कशाला बोलू.

मग फोन वाजला. पलीकडं चंद्रकलाबाई.
मला शब्द कळाले नाहीत.
शेषेरावांचं एक "हूं" ऐकू आलं.
अजून एक "हूं".
मग बराच वेळ काहीच नाही,
इंजिनाचा आवाज तेवढा.
फोन खिशात गेला, आणि आरशातून मला म्हणले,
"मुंजाजी, हळू घे.
रस्ता खराब हाय. धक्के बसतात त्यांना."

रस्ता खराब होता, हे खरं हाय.
कोर्टात विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.
कोर्टात कुणी विचारलं नाही.

साठवरून चाळीस. चाळीसवरून वीस.
पुढं पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर, मागचा दिवा गेलेला,
मधोमध चाललेला, डुलत.
हॉर्न मपल्या अंगठ्याखाली होता.
हॉर्न वाजवू नको
असं मला कुणीही म्हणलं नव्हतं.

आसनेच्या पुलावर नागोरावांनी विचारलं,
"आलं का नांदेड?"
"आलंच, आण्णा."
त्या "आलंच"मधी लई जागा होती.
एक अख्खा माणूस मावला तिच्यात.

तेराव्याला शेषेराव रडले. खरं रडले.
खोटं रडणारा नंतर पोटभर जेवतो,
यांनी ताट सरकवलं.
चंद्रकलाबाईंनी ते उचललं,
बुंदी परत पातेल्यात टाकली,
आणि म्हणल्या, "उद्या सकाळी आठला फॉर्म भरायचाय."

त्याच वर्षी मी कायम झालो.
पोरगं काट्यावर लागलं, पोती मोजायला.
मी मागितलं नव्हतं.
नको पण म्हणलं नाही.

आता रस्ता सिमेंटचा झालाय,
खुर्चीत बसल्यावर साहेबांनी पहिला पाठपुरावा त्याचाच केला.
त्याच्यावर ते मला शंभराच्या खाली येऊ देत नाहीत.
दाब, मुंजाजी. दाब.
मोकळ्या रस्त्यावर हॉर्न मारायला लावतात.
एकदा मध्यरात्री, ना माणूस ना कुत्रं,
पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
मी हॉर्नवरचा हात काढला नाही.
उतरताना म्हणले, "आता बरं वाटलं."
घरी त्यांना झोप लागत नाही, गाडीतच लागते.
बाई त्या गाडीत बसत नाहीत.
फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवतात,
वाजला की नुसतं डब्याकडं बघत बसतात,
असं त्यांची भांडेवाली सांगती.

काल नवे उपसभापती सोबत होते. विश्वंभर.
पस्तिशीचं पोरगं, कडक इस्त्री,
हळदीच्या मोंढ्यातून येऊन सदऱ्यावर एक डाग नाही.
साहेब झोपले होते, तोंड उघडं,
डोकं हळूहळू त्याच्या खांद्यावर आलेलं.
त्यानं ते सरळ केलं नाही. हललाच नाही.
आरशात बघितलं.
ते डोळे मी वळखले.

"काका, साहेबांची शुगर लई वाढली म्हणं."
हाव, म्हणलं.
"आणि तुमचा नातू? काय करतोय सध्या?"

मी आरसा वर केला.
त्यात गाडीचं छत दिसायला लागलं,
कळकट, सिगारेटनं एका जागी जळालेलं.
एक किलोमीटर तसाच गेलो.

मग सवयीनं आरसा खाली केला.
"दहावी झालाय," म्हणलं.